दोन शब्द द्यायचे आणि थांबायचं

प्रॉम्प्टिंगला लोक हलकं काम समजतात. ज्याला अभिनय येत नाही त्याला हातात संहिता देऊन विंगेत बसवतात, असा सगळ्यांचा समज. मी पुण्यात कॉलेजपासून नाटकांत होते आणि बहुतेक वेळा विंगेतच होते, त्यामुळे ह्यावरून कुणी थट्टा केली की माझं डोकं फिरतं. नट बोलता बोलता थांबला तर तो पॉज घेतोय की ब्लँक झालाय, हे ओळखायला नजर लागते. पॉज घेणाऱ्याचा श्वास चालू असतो, ब्लँक झालेल्याचा अडकतो. आपण त्याच्या ओठांकडे बघत राहायचं. अडकला तर अख्खं वाक्य द्यायचं नाही, पहिले दोन शब्द द्यायचे, तेही पहिल्या रांगेला ऐकू जाणार नाहीत असे, आणि थांबायचं. पुढचं त्याचं त्याला आठवलं पाहिजे.

हे पुराण आधीच लावलं, कारण दुबईपलीकडच्या फुजैरात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये जे चाललं होतं ते ह्या नजरेमुळेच मला दिसलं. बिल्डिंगमध्ये दुसऱ्या कुणालाच दिसलं नाही. न दिसतं तर बरं झालं असतं, असंही मी पुष्कळदा म्हटलं.

नवरा इथल्या तेलाच्या टर्मिनलवर नोकरीला. दुबईतले लोक फुजैराला सुट्टीच्या दिवशी येतात, डोंगर बघतात, मासे खातात आणि संध्याकाळी परत जातात. आम्ही इथेच राहतो म्हटलं की कीव केल्यासारखे बघतात. खिडकीतून समुद्र दिसतो आणि समुद्रावर सदानकदा टँकर उभे असतात. नांगर टाकून, तेल भरून घ्यायची वाट बघत. सुरुवातीला मला ते बरं वाटायचं. पुढे पुढे त्या जहाजांकडे बघितलं की उगाच धाकधूक व्हायची, तेव्हा मी त्या खिडकीचा पडदा ओढून घ्यायला लागले.

समोर एक म्हातारं ब्रिटिश जोडपं राहायचं. त्यांतले गृहस्थ जहाजांना बंदरात आणून लावणारे पायलट होते, आता निवृत्त, पण बंदरातले लोक अजून सल्ला विचारायला फोन करायचे. सगळी बिल्डिंग त्यांना कॅप्टन म्हणायची. त्यांची बायको एके काळी ब्रिटनमधल्या टीव्हीवर आणि स्टेजवर काम करणारी नटी. मी त्यांना बाई म्हणते. मी नाटकवाली आहे हे कळल्यावर त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात चहाला बोलावलं. आमचं बोलणं सगळं इंग्रजीत व्हायचं, मी इथे आपलं मराठीत सांगते.

बाईंची गोष्ट ऐकायला फार गोड होती. उत्तर इंग्लंडातलं लहान गाव, वडिलांचं मासळीचं दुकान, आणि अंगाला मासळीचा वास येतो म्हणून शाळेच्या नाटकात हिला मागच्या रांगेत उभं केलेलं. पुढे समुद्रकाठच्या एका नाटक कंपनीत नोकरी लागली. तिथे दर आठवड्याला नवं नाटक. सकाळी पुढच्या आठवड्याचं पाठ करायचं, संध्याकाळी ह्या आठवड्याचं करायचं आणि गेल्या आठवड्याचं विसरून जायचं. "विसरणं हा आमच्या कामाचाच भाग होता," असं बाई हसून म्हणायच्या. मग टीव्हीवरच्या हॉस्पिटलच्या मालिकेत कडक सिस्टरची भूमिका मिळाली आणि ती वर्षानुवर्षं चालली. वाण्याकडे गेल्या तरी लोक त्यांना आपले गुडघे दाखवायचे. एक दिवस मालिकेवाल्यांनी सिस्टरला जिन्यावरून पाडून मारलं, तर प्रेक्षकांनी बाईंच्या खऱ्या घरी फुलं पाठवली. स्वतःच्या मरणाची फुलं बाईंनी स्वयंपाकघरातल्या बादलीत ठेवली होती. पहिलं लग्न तोवर मोडलं होतं. मुलीला बोर्डिंगमध्ये ठेवून त्या पुन्हा स्टेजकडे वळल्या. आखाती देशांतल्या हॉटेलांमध्ये नाटकं करत फिरणारी एक छोटी कंपनी होती, तिच्याबरोबर त्या दुबईला आल्या.

तिथे प्रयोगानंतर एक पायलट त्यांना भेटायला आत आला. इथे बाई थांबायच्या आणि विचारायच्या, "मी म्हटलं, उद्याच्या प्रयोगाला येणार का? तर हे काय म्हणाले?"

मग कॅप्टन त्यांचं वाक्य म्हणायचे. "बंदरात आज गर्दी आहे. पण उद्या येईन."

सगळ्या गोष्टीत कॅप्टनना एवढंच वाक्य होतं. बाकी ते फक्त प्रश्न विचारायचे. मासळीच्या दुकानाचं संपलं की, "आणि मग ती कंपनी, नाही का?" मालिकेचं सुरू झालं की, "जिन्याचं सांग ना." मला आपलं वाटायचं, किती कौतुक ह्या माणसाला. आमच्या घरात मी एखादा किस्सा दुसऱ्यांदा सांगायला घेतला की नवरा टीव्हीचा आवाज वाढवतो.

एकदा चहा चालू असताना कॅप्टनना बंदरातून फोन आला आणि ते बाल्कनीत गेले. काचेचं दार ओढून घेतलं. बाई समुद्रकाठच्या कंपनीचं सांगत होत्या. दर आठवड्याला नवं नाटक इथपर्यंत आल्या आणि थांबल्या. मी कप हातात धरून बसले. बाईंच्या चेहऱ्यावर हसू तसंच होतं, मान तिरकी, हात हवेत. कुणीही म्हटलं असतं, काय सुंदर पॉज घेतलाय. पण त्यांचा श्वास अडकला होता. आणि सवयीनं माझ्या तोंडून, अगदी विंगेतल्या आवाजात, निघून गेलं, "सकाळी पुढच्या..."

"सकाळी पुढच्या आठवड्याचं पाठ करायचं," बाई म्हणाल्या आणि गाडी सुरू झाली.

मी वर बघितलं तर कॅप्टन काचेचं दार अर्धवट उघडून उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. आम्ही एकमेकांकडे बघितलं, आणि मला काय कळलंय हे त्यांना कळलं. मी निघताना ते दारापर्यंत आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू ह्यातली शिकलेली आहेस. फार बरं झालं."

त्यानंतर मला सगळीकडे तेच दिसायला लागलं. लिफ्टमध्ये शेजारीण भेटली की कॅप्टन बाईंच्या कानाशी वाकायचे. सुपरमार्केटमध्ये, बँकेत, डॉक्टरकडे, सगळीकडे दोन शब्द द्यायचे आणि थांबायचे. बाई पुढचं वाक्य इतक्या झोकात म्हणायच्या की समोरचा खूश. सगळ्यांत कमाल होती ती फोनची. बाईंची मुलगी लंडनहून रोज दुपारी जेवणानंतर घरच्या फोनवर बोलायची. इथे व्हिडिओ कॉल धड चालत नाहीत, त्यामुळे तिला आईचा नुसता आवाज ऐकू यायचा. कॅप्टन फोन स्पीकरवर ठेवायचे आणि बाईंना खेटून बसायचे. मुलगी विचारायची, "आई, कशी आहेस?" कॅप्टन ओठ हलवायचे, "उकाडा फार..." आणि बाई म्हणायच्या, "उकाडा फार आहे, पण समुद्रावरून वारा सुटलाय." मुलगी हसायची. मग कॅप्टनशी दोन गोष्टी बोलून फोन ठेवायची. रोज तेच. इतकं अप्रतिम प्रॉम्प्टिंग मी आयुष्यात बघितलं नाही.

माझी मुलगी तेव्हा सातवीत. ती एकदा बाईंना केक द्यायला गेली आणि परत येऊन म्हणाली, "आई, शी आस्क्ड मी माय नेम अगेन. अँड देन अगेन." वर म्हणाली, "डझ समवन नो?" मी म्हटलं, आधी हात धू.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तुला कशाला नसती उठाठेव? त्यांचं ते बघतील. परक्या देशात परक्या माणसांच्या भानगडी." मी म्हटलं, "अरे, त्या माणसाला उद्या काही झालं तर? तिला फोन लावता येत नाही, दार कुणासाठी उघडायचं ते कळत नाही. तिला सांभाळायला लागतं हे जगात फक्त त्याला माहीत आहे." नवरा म्हणाला, "आणि तुला."

कॅप्टनची तब्येत बिघडलेली सरळ दिसत होती. बिल्डिंगची लिफ्ट वारंवार बंद पडायची. एकदा मी भाजी घेऊन वर येत होते आणि ते मधल्या जिन्यावर कठडा धरून उभे. चेहरा चुन्यासारखा, शर्टाची पाठ भिजलेली. मला बघून म्हणाले, "समुद्र बघत होतो." त्या जिन्याला खिडकीच नाही.

त्याच आठवड्यात ते बंदरात गेले आणि मला बाईंजवळ बसायला सांगून गेले. सांगून म्हणजे काय, गृहीत धरून. मी वॉशरूमला गेले तेवढ्यात बाईंनी चहा ठेवला. विजेची किटली उचलून त्यांनी गॅसच्या पेटत्या शेगडीवर ठेवली होती. प्लास्टिक वितळून खाली गळत होतं, घरभर काळा धूर, आणि बाई ओट्याशी उभ्या राहून कप मांडत होत्या. मी गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. बाई मला म्हणाल्या, "तू नवीन मुलगी ना? माझा दुसऱ्या अंकाचा ड्रेस इस्त्री झाला का?"

मी म्हटलं, "झाला." दुसरं काय म्हणणार?

कॅप्टन आल्यावर मात्र मी त्यांना बाहेर पॅसेजमध्ये घेतलं. माझी जीभ तिखट आहे हे माझं सासर, माहेर आणि टर्मिनल सगळ्यांना माहीत आहे. मी त्यांना म्हटलं, "कॅप्टन, आज बिल्डिंग जळाली असती. तुम्ही मुलीला सांगणार आहात की नाही?"

ते जिन्याच्या पायरीवर बसले. म्हणाले, "सांगितलं की ती पुढच्या विमानानं येईल. हिला तिकडे कुठल्यातरी म्हाताऱ्यांच्या होममध्ये ठेवेल. तिथे हिला कुणी ओळखणार नाही, आणि हिला तिथलं कुणी ओळखीचं नसेल. मला भेटायची वेळ ठरवून देतील. इथे तिचं नाटक अजून चालू आहे. मी आहे तोवर ते पडणार नाही."

"आणि तुम्ही नसाल तेव्हा?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ते का बघत आहेत ते मला कळलं. मी स्पष्ट म्हटलं, "नाही. मी नाही. मला माझं घर आहे." ते मान हलवून हसले. म्हणाले, तुमच्या मंडळाचा कार्यक्रम होऊ दे, त्यानंतर मुलीला सांगतो. खलास, म्हणजे इथल्या बोलीत विषय संपला.

कार्यक्रमाचं खूळ माझंच. फुजैरातलं आमचं मराठी मंडळ म्हणजे मूठभर कुटुंबं, एक हॉल आणि भाड्याचे स्पीकर. बाईंचं खरं काय ते कळायच्या आधी मी त्यांना आमच्या कार्यक्रमात एक छोटा प्रवेश करायची विनंती करून बसले होते. त्यांनी त्यांच्या जुन्या नाटकातलं एका खाणावळवालीचं स्वगत निवडलं होतं. आता नाही म्हणायला गेले तर बाई रोज सकाळी आरशासमोर उभ्या राहून तालीम करत होत्या.

त्या संध्याकाळी आम्ही स्टेजवर नारळ फोडला, नटराजाच्या मूर्तीला हार घातला. हे कशासाठी ते बाईंनी विचारून घेतलं, मग त्याही वाकून स्टेजला हात लावून आल्या. तिसरी घंटा झाली. विंगेत मी संहिता घेऊन उभी आणि माझ्या शेजारी कॅप्टन, नुसत्या हातांनी. त्यांना अख्खं स्वगत पाठ होतं.

बाई उजेडात गेल्या आणि अंगात कुणी आल्यासारख्या बदलल्या. कंबरेवर हात, आवाजात खण्णकन धार. मंडळाची माणसं, ज्यांतल्या निम्म्यांना ते इंग्रजी उच्चार कळत नव्हते, टक लावून बघायला लागली. मग पहिल्यांदा अडकल्या. मी तोंड उघडायच्या आत कॅप्टननी शब्द दिले होते. मग पुन्हा. मग जवळजवळ प्रत्येक वाक्याला. ते एक श्वास पुढे राहून शब्द देत होते आणि बाई त्यांच्या मागे धावत होत्या. प्रेक्षकांना वाटत होतं, काय थांबते ही बाई, काय तिचे पॉज. मी संहिता बंद केली आणि कॅप्टनकडे बघायला लागले. त्यांनी डावा दंड उजव्या हातानं घट्ट धरला होता. ओठ निळसर. घाम हनुवटीवरून टपकत होता आणि तरी शब्द एकही चुकत नव्हता. मी कुजबुजले, "तुम्ही बसा, मी देते." त्यांनी माझ्याकडे न बघता मान हलवली.

टाळ्या थांबता थांबेनात. बाई विंगेत आल्या, कॅप्टनच्या गळ्यात पडल्या आणि म्हणाल्या, "एकदाही अडकले नाही." कॅप्टन म्हणाले, "एकदाही नाही." मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, मुलीला कधी सांगताय? ते म्हणाले, उन्हाळा संपू दे. मी म्हटलं, डॉक्टरला तरी दाखवा स्वतःला. म्हणाले, इन्शाल्ला. इथे राहून ह्या शब्दाचा 'बहुतेक नाहीच' हा अर्थ मला चांगला कळतो. मी चिडून त्यांच्याकडे जाणं बंद केलं. पण कान समोरच्या दाराकडेच असायचे. दुपारचा त्यांचा फोन वाजला की आमच्याकडे ऐकू यायचं, आणि बाईंचं "वारा सुटलाय" आलं की मला जेवण जायचं.

ऑगस्टमधली दुपार होती. बाहेर बघवत नव्हतं असं ऊन. राग धरून धरून किती धरणार, म्हणून मी कॅप्टनना आवडणारी कोथिंबीर वडी तळली आणि डबा घेऊन समोरची बेल दाबली. दार नेहमी कॅप्टन उघडायचे. आज बाईंनी उघडलं. ओठांना लिपस्टिक, कानांत मोती, आणि बोट तोंडावर.

"हळू," त्या कुजबुजल्या. "ते थांबलेत."

आत एसी लावलेला होता, पडदे उघडे, खिडकीत समुद्र आणि त्याच्यावर ती जहाजं. कॅप्टन त्यांच्या खुर्चीत होते. चष्मा छातीवर घसरला होता. हाताशी चहाचा कप, वर साय धरलेली. बाईंनी स्टूल खुर्चीला चिकटवून ठेवलं होतं. त्या तिथे जाऊन बसल्या, त्यांच्या कानाशी वाकल्या आणि अगदी हलक्या, पहिल्या रांगेला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "बंदरात आज..."

आणि थांबल्या. त्यांच्या ओठांकडे बघत राहिल्या.

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मी घाई करत नाहीये. पॉज असेल."

मी कॅप्टनचा हात धरून बघितला. तो थंड आणि जड होता, कधीचा तसा होता कोण जाणे. सकाळपासूनचा असेल. बाई सकाळपासून तिथे बसून त्यांना तेच दोन शब्द देत होत्या की काय, हा विचार मनात आला. मी मोबाइलवरून अँब्युलन्सला फोन केला, नवऱ्याला केला, काय बोलले ते मला आठवत नाही. बाईंनी मला हातानं खूण केली, आवाज नको.

तेवढ्यात घरचा फोन वाजला.

बाईंनी सवयीनं स्पीकरचं बटण दाबलं. लंडनहून मुलीचा आवाज आला, नेहमीचा, घाईतला आणि प्रेमळ. "आई, कशी आहेस?"

बाईंनी कॅप्टनकडे बघितलं. मग हळूच मान वळवून माझ्याकडे बघितलं. हसू तसंच, मान तिरकी, हात हवेत. श्वास अडकलेला. त्या माझ्या ओठांकडे बघत होत्या.

दोन शब्द माझ्या जिभेवर आलेले होते. उकाडा फार. एवढंच द्यायचं होतं. बाईंनी पुढचं झोकात म्हटलं असतं, मुलगी हसली असती, आजचा दिवस निघाला असता. उद्याचाही निघाला असता. नटाला उजेडात असं उभं सोडायचं नाही, एवढं एकच तर मी आयुष्यभर शिकले होते.

मी ओठ मिटून घेतले.

"आई?" मुलगी म्हणाली. "ऐकू येतंय ना?" बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू कडेकडेनं सुटायला लागलं. त्या माझ्याकडे बघतच होत्या. त्या नजरेत आधी विनवणी होती, मग भीती. "आई, बोल ना. कॅप्टन कुठे आहेत? आई?" आता तिकडचा आवाजही बदलला. इतकी वर्षं झाकून ठेवलेलं तिला त्या शांततेत ऐकू गेलं होतं.

मग मी बाईंचा हात माझ्या हातात घेतला, फोनजवळ गेले आणि मी कोण ते सांगितलं.